फळ्या कोणाच्या?

‘शिप ऑफ थिसियस’ हा आनंद गांधी यांचा चित्रपट २०१३ च्या जुलैत आपल्याकडे लागला. आदल्या वर्षी टोरांटोच्या महोत्सवात तो दाखवला गेला होता. पुढे २०१३ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्यालाच मिळाला. गोष्ट घडते ती बहुतेक आपल्या मुंबईत. असे असूनही मराठी घरात या चित्रपटाचे नाव काढावे, तर दोन ठरीव उत्तरे कानी येतात. ‘छे हो, ते डोकेफोडीचे काम! दिवसभर राबून आल्यावर आम्हांला जरा करमणूक हवी,’ हे एक. आणि ‘त्यात नवे ते काय? मी कोण, हा प्रश्न आमच्या पूर्वजांनी केव्हाच निकालात काढला आहे,’ हे दुसरे. पहिल्यातला विनय खोटा आहे, दुसऱ्यातला अभिमान खोटा आहे, आणि चित्रपट न पाहण्याची सोय मात्र दोहोंत सारखीच आहे.

पण माझे खरे भांडण या दोघांशी नाही. त्यांचा समाचार वाटेत घेईनच. माझे भांडण आहे ते ज्यांनी हा चित्रपट पाहिला, ज्यांना तो मनापासून आवडला, आणि जे घरी येऊन एका कोड्याची उकल करीत बसले, त्या रसिकांशी. थोडेसे त्या चित्रपटाच्या नावाशीही आहे.

ते कोडे आधी सांगून टाकते. प्लुटार्क नावाच्या ग्रीक चरित्रकाराने थिसियस या वीराचे चरित्र लिहिताना ते नोंदवून ठेवले आहे. ज्या तीस वल्ह्यांच्या जहाजातून थिसियस परत आला, ते अथेन्सच्या लोकांनी मोठ्या प्रेमाने जपून ठेवले. एखादी फळी कुजली की ती काढायची आणि तिच्या जागी नवी, भक्कम फळी बसवायची. असे करता करता पुष्कळ वर्षे लोटली. मग जहाज तेच राहिले की दुसरे झाले, यावर तिथल्या विद्वानांत दोन तट पडले. पुढे १६५५ साली टॉमस हॉब्ज या इंग्रज तत्त्वज्ञाने या कोड्याला एक खोडसाळ शेपूट जोडले. समजा, काढून टाकलेल्या त्या जुन्या फळ्या कोणी गोळा करून ठेवल्या आणि पहिल्यासारख्याच जोडून त्यांचे पुन्हा जहाज केले, तर आता थिसियसचे जहाज कोणते म्हणायचे?

सातवीच्या वर्गात मी हे कोडे एकदा घातले होते. मुलांनी ‘तेच’ आणि ‘दुसरे’ असे दोन पक्ष करून बाके बडवली. मागच्या बाकावरच्या एका मुलीने मात्र निराळेच विचारले, ‘बाई, नव्या फळ्या कुठून आणल्या?’ हॉब्जला जुन्या फळ्यांची चिंता पडली होती. या मुलीला नव्या फळ्यांची. मला तिचा प्रश्न हॉब्जच्या प्रश्नाहून मोठा वाटतो, आणि इथे मी तोच लावून धरणार आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगते. पहिल्या गोष्टीत आलिया ही इजिप्तची छायाचित्रकार. डोळ्यांच्या विकाराने तिची दृष्टी गेलेली आहे. कानाने आणि स्पर्शाने अंदाज घेत ती छायाचित्रे काढते आणि ती नावाजली जातात. एका मृत माणसाचा कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बसवल्यावर तिला दिसू लागते, आणि कला मात्र हातातून निसटते. दुसऱ्या गोष्टीत मैत्रेय नावाचा साधू. जैन मुनींशी पुष्कळ जुळणारा, पण कल्पित पंथाचा. औषधे पारखण्यासाठी मुक्या प्राण्यांचा जो छळ होतो त्याविरुद्ध तो न्यायालयात झगडतो आहे, आणि नेमका त्यालाच यकृताचा जीवघेणा विकार जडतो. ज्या औषधांनी वाचायचे, ती त्याच छळातून आलेली. तिसऱ्या गोष्टीत नवीन हा शेअर दलाल. त्याला नुकतेच दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेले आहे, आणि त्याच सुमारास त्याची गाठ शंकर या गवंड्याशी पडते. अपेंडिक्स काढण्याच्या नावाखाली शंकरचे मूत्रपिंड कोणी चोरून नेले आहे.

या दिग्दर्शकाने त्याआधी दूरचित्रवाणीवरच्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ या मालिकेचे संवाद लिहिले होते, हे सांगितले तर लोकांना थट्टा वाटते. पण ते खरे आहे. ‘हे आमच्यासारख्यांचे नव्हे’ म्हणणाऱ्या पुष्कळांच्या दिवाणखान्यात हा गृहस्थ आधीच येऊन गेलेला आहे. तेव्हा त्यांनी डोकेफोडीची भीती बाळगू नये.

आणि डोकेफोड म्हणजे तरी काय? ‘मी’ कुठे संपतो, हा प्रश्न रिकामटेकड्या पंडितांचा आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी १९९४ सालचा मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा कोणाकडून तरी समजावून घ्यावा. केंद्राचा हा कायदा पहिल्या झटक्यात ज्या तीन राज्यांना लागू झाला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन होती. तिसरे हिमाचल प्रदेश. या कायद्याने मरणाची व्याख्याच बदलली. मेंदूच्या देठाचे काम कायमचे थांबले की माणूस मेला, मग यंत्राच्या साहाय्याने त्याची छाती वरखाली होत असो, अंग गरम असो, हृदय धडधडत असो. डॉक्टरांचे मंडळ तपासणी करते, निदान सहा तासांनी ती पुन्हा करते आणि मग लिहून देते की हा माणूस आता नाही. जगातही ही व्याख्या फार जुनी नाही. १९६७ च्या डिसेंबरात केपटाउनला डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवले. १९६८ च्या फेब्रुवारीत आपल्या परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी तोच प्रयत्न केला आणि रोगी काही तासच जगला. आणि त्याच वर्षी अमेरिकेत हार्वर्डच्या विद्वानांच्या समितीने मेंदूवरून मरण ठरवण्याच्या खुणा लिहून काढल्या. हृदय आधी हलले, व्याख्या मागून आली.

आता विचार करा. मुलगा दुचाकीवरून पडला आहे. अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर त्याचे आईबाप बसले आहेत. आत मुलाच्या छातीवर हात ठेवला तर ठोके लागतात. आणि एक सभ्य, थकलेला डॉक्टर बाहेर येऊन सांगतो की तुमचा मुलगा गेला; त्याचे अवयव देण्याविषयी तुमचे काय म्हणणे आहे? हे काय विचारले आहे त्यांना? शरीर म्हणजे मुलगा, की मेंदू म्हणजे मुलगा, की दोहोंहून निराळे काही म्हणजे मुलगा? जे कोडे सोडवायला ग्रीकांना पिढ्या पुरल्या नाहीत, त्याचे उत्तर या बाईने आणि तिच्या नवऱ्याने काही तासांत द्यायचे आहे, आणि खाली सही करायची आहे. त्यांना कोणी म्हणून दाखवावे की तत्त्वज्ञान हे आमच्यासारख्यांचे काम नव्हे!

पूर्वजांनी प्रश्न निकालात काढला म्हणणाऱ्यांना मला एकच विचारायचे आहे : कोणत्या पूर्वजांनी? उपनिषदांनी आत्मा आहे म्हटले. बुद्धाने असा कायमचा आत्मा कुठे सापडत नाही म्हटले. जैनांनी जीव मानला आणि तो देहाएवढा होतो असेही सांगितले. चार्वाकांनी देहाबाहेर काहीच नाही म्हणून सगळ्यांची टर उडवली. हे लोक शतकानुशतके एकमेकांशी कडाडून भांडत होते. ती भांडणे हेच आपले वैभव. भांडणाच्या जागी आयते उत्तर ठेवून त्यावर हळदकुंकू वाहणाऱ्याला पूर्वजांचा अभिमान आहे, असे मी समजत नाही. त्याला पूर्वजांचा कंटाळा आहे. चित्रपटाने हे बरोबर ओळखले आहे. आजारी साधूशी हुज्जत घालायला येणाऱ्या तरुणाचे नावच चार्वाक ठेवले आहे. तो त्याला एका बुरशीची हकीकत सांगतो. ती मुंगीच्या शरीरात शिरते आणि तिला आपल्या सोयीच्या जागी चालवत नेते. मग मुंगीची इच्छा ती कुठली? आपल्या स्वतःच्या देहातही परकी वस्ती काही थोडी नाही. २०१६ साली शास्त्रज्ञांनी काढलेल्या अंदाजाप्रमाणे माणसाच्या स्वतःच्या पेशी सुमारे तीस लाख कोटी, तर त्याच्या अंगातले जिवाणू सुमारे अडतीस लाख कोटी. मतदान घेतले तर आपण आपल्याच घरात अल्पसंख्य ठरू.

पण पूर्वजांचे नाव निघालेच आहे तर मिलिंद राजाची गोष्ट सांगायला हवी, कारण मला जे म्हणायचे आहे त्याची किल्ली तिथे आहे. हा मिलिंद म्हणजे मिनँडर, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातला यवन राजा. सागल ही त्याची राजधानी, म्हणजे आजचे सियालकोट. त्याच्या आणि नागसेन भिक्षूच्या प्रश्नोत्तरांचा पाली ग्रंथ ‘मिलिंदपञ्ह’ म्हणून प्रसिद्ध आहे. नागसेन राजाच्या रथाकडे बोट दाखवून विचारतो की चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. हे झाले जहाजाच्याच जातीचे कोडे. आपले सुशिक्षित इथवर येतात आणि ‘पाहा, ग्रीकांच्या तोडीस तोड!’ म्हणून टाळ्या पिटतात. नागसेन मात्र इथे थांबत नाही. तो दिव्याचे उदाहरण घेतो : रात्रीच्या पहिल्या प्रहरी जी ज्योत होती तीच मध्यरात्री होती का, तीच पहाटे होती का? तीच नव्हे, पण दुसरीही नव्हे, कारण त्याच दिव्याच्या आधाराने ती रात्रभर तेवली.

आणि मग येतो आंब्याचा चोर. एकाने दुसऱ्याचे आंबे चोरले. पकडल्यावर तो म्हणतो, ‘मालकाने जमिनीत लावला तो आंबा निराळा, मी झाडावरून तोडला तो निराळा, याचे मी काहीच नेलेले नाही.’ युक्तिवाद अगदी जहाजवाल्यांचा आहे! फळी न फळी बदललेली आहे, मग जहाज दुसरेच. राजा म्हणतो की चोर शिक्षेला पात्रच आहे, कारण लावलेल्या आंब्यामुळेच हा आंबा झाला. नागसेनाला हेच वदवून घ्यायचे होते. ‘तेच’ की ‘दुसरे’ याचा निकाल लागो न लागो, कोणी कोणाचे काय देणे लागतो, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आता रसिकांकडे वळते. जहाजाचे रूपक या चित्रपटाला मुळात बसतच नाही. आधी शरीराचीच साक्ष घ्या. मूत्रपिंड बसवतात तेव्हा जुनी मूत्रपिंडे बहुधा काढतही नाहीत. नवे ओटीपोटात एका बाजूला बसवतात. फळीच्या जागी फळी, हा हिशेब तिथेच चुकतो. दुसरे असे की जहाज नवी फळी मुकाट्याने घेते. शरीर घेत नाही. परके मांस आत आले की ते त्याच्यावर चाल करून जाते आणि त्याला संपवू पाहते. बॉस्टनला १९५४ च्या डिसेंबरात डॉ. जोसेफ मरी यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी आरोपण केले ते एकसारख्या जुळ्या भावांत, आणि यश आले ते शरीराला परकेपणा ओळखता आला नाही म्हणून. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, शरीराचा पहारा तिथे ढिला असतो. त्यामुळे ते काम मोराव्हियातल्या एका डॉक्टरला १९०५ सालीच साधले होते. बाकी सर्व रोग्यांना आयुष्यभर गोळ्या घेऊन स्वतःच्या शरीराला गुंगवत राहावे लागते. या विषयातले शास्त्रज्ञ चक्क ‘स्व’ आणि ‘पर’ असे शब्द वापरतात, आणि या शोधाबद्दल बर्नेट आणि मेडावर यांना १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. जहाजाला ‘स्व’ नसतो. म्हणूनच त्याचे कोडे होऊ शकते.

हे शरीराचे झाले. मनाचे त्याहून निराळे. इंग्लंडातल्या जॉन लॉकने १६९४ साली ‘मी’ची सारी मदार स्मृतीवर आणि जाणिवेवर ठेवली : जे मला आठवते, जे मी आपले म्हणतो, तोवर मी. आलियाचे काय होते ते या कसोटीवर लावून पाहा. तिची स्मृती शाबूत आहे. कॅमेरा तोच आहे. तिच्या शरीरातले बदलले ते नखाएवढे, अर्ध्या मिलिमीटर जाडीचे पटल. आणि तरी ती आता त्या तोलाची छायाचित्रे काढू शकत नाही. दिसू लागल्यावर काय टिपावे हेच तिला कळेनासे होते. शेवटी हिमालयात एका ओढ्याकाठी ती हात मांडीवर ठेवून नुसती बसते. ऐदा एल्-काशेफ ही स्वतः चित्रपट बनवणारी इजिप्शियन मुलगी आलियाचे काम करते. तिलाही सहनायिकेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो या बसण्यासाठीसुद्धा मिळाला असावा, असे मला वाटते. आलियात जे हरवले ते कुठल्या फळीत नव्हते. ज्या अडचणीशी झगडून तिने आपली कला घडवली होती, ती अडचणच काढून घेतली गेली.

मैत्रेयाची गोष्ट मी तीन वेळा पाहिली. नीरज काबी या नटाने त्या भूमिकेसाठी अंगावरचे मांस खरोखरच झडवले आहे. बरगड्या मोजून घ्याव्यात. कादंबरी लिहिणाऱ्याला एक गोष्ट धंद्यातच शिकावी लागते. पात्राचे नाक-डोळे, कपडे, बोलण्याची लकब कितीही नेमकी लिहिली तरी ते कागदावरून उठत नाही. ते उठते जेव्हा आपल्याला कळते की हा माणूस अमुक एक गोष्ट करणार नाही. मैत्रेय अशी एक गोळी गिळणार नाही, एवढ्यावर तो उभा आहे. आणि मग शरीर कुजत जाते, वेदना वाढते, बरोबरचा साधू आत्म्याविषयी विचारतो तेव्हा हा विद्वान मला ठाऊक नाही असे सांगतो, आणि अखेर उपचार स्वीकारतो. पुष्कळांनी इथे नाक मुरडले : हरला, व्रत मोडले. काहींनी उलट शाबासकी दिली : शहाणा झाला. दोघेही घाईत आहेत. ज्या नकारावर तो उभा होता तो गेल्यावर जो उरला तो मैत्रेयच का, हा या चित्रपटातला सर्वांत कठीण प्रश्न आहे. दिग्दर्शकाने त्याचे उत्तर दिलेले नाही, हे त्याचे मोठेपण. शेवटी तो आपल्याला दिसतो तो साध्या माणसाच्या कपड्यांत.

इतके कौतुक केल्यावर आता माझी तक्रार.

दृष्टी मिळाली ती आलियाला, यकृत मिळाले ते मैत्रेयाला, मूत्रपिंड मिळाले ते नवीनला. तिघेही घेणारे. ‘मी कोण’ हा प्रश्न पडायचा मान तिघांनाही मिळाला आहे. एकीला त्यासाठी हिमालय दिला, दुसऱ्याला न्यायालय आणि शिष्य दिले, तिसऱ्याला स्टॉकहोमचे विमान दिले. आणि ज्याच्या कुशीतून फळी उपटून नेली त्या शंकरला काय दिले? एक कोंदट खोली, पोटावरचा टाका, आणि रडणे. चिंचोळ्या बोळांतून, जिन्यांवरून धापा टाकीत नवीन आणि त्याचा मित्र त्याच्या घरी पोचतात, ते दृश्य फार सुंदर चित्रित केले आहे, विनोदीही आहे. आम्ही हसतो. पण खोलीत शिरल्यावर कॅमेरा ज्याची काळजी वाहतो तो पाहुणा असतो, यजमान नव्हे. मूत्रपिंड गेल्यावर शंकर तोच राहिला की दुसरा झाला, हे कोणी विचारतच नाही. हॉब्जने निदान काढलेल्या फळ्यांचे एक दुसरे जहाज कल्पिले होते. इथे फळ्या काढून घेतलेले जहाज डोळ्यांसमोर उभे आहे आणि रसिक पहिल्या जहाजाच्या ओळखीची चर्चा करीत आहेत.

असे प्रकार केवळ पडद्यावर होतात असे कोणी समजू नये. २००८ साली गुडगावचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा कामाचे आमिष दाखवून नेलेल्या मजुरांची मूत्रपिंडे काढून घेतल्याच्या कहाण्या सर्व वर्तमानपत्रांनी छापल्या. अवयव विकण्याला १९९४ च्या कायद्याने बंदी होती. ती चौदा वर्षे आधीच झालेली होती. कायद्याला जो फरक कळला, तो रसिकांना का कळू नये? दिलेली फळी आणि चोरलेली फळी जहाजाला सारखीच. पाण्यावर दोन्ही तरंगतात. माणसाला मात्र हा फरक पडतो.

आणि तो नवीनला पडला, ही या चित्रपटाची खरी गोष्ट आहे. तिच्याकडे नावामुळे लोकांचे लक्ष जात नाही. आपल्या पोटातले मूत्रपिंड शंकरचे तर नव्हे, या धास्तीने तो चौकशी करतो. ते शंकरचे नाही असे कळते. इथे सुटला! कोणत्याही न्यायालयात तो आता निर्दोष. त्याच्या अंगात शंकरची एकही फळी नाही. जहाजाच्या न्यायाने शंकरचा आणि त्याचा संबंध संपला. तरीही तो थांबत नाही. ज्याच्या पोटात ते मूत्रपिंड गेले त्या स्वीडनमधल्या म्हाताऱ्याचा पत्ता काढून तो थेट त्याच्या दारात जाऊन उभा राहतो. दिवसभर भावांचे चढउतार पाहणारा, ज्याला त्याची आजी पैशापलीकडे काही दिसत नाही म्हणून बोल लावते, तो हा माणूस. त्याला हे कोणी सांगितले? आत शोधून, सोलून पाहून, मेंदूची कप्पे-खणे उघडून जो ‘मी’ सापडत नाही म्हणतात, तो मला इथे स्पष्ट दिसतो. ‘हे कोणाचे?’ असे कोणी विचारले असता, स्वतःचा दोष नसताना, जो पुढे होतो, तो. नागसेनाने आंब्याच्या चोराची गोष्ट सांगून जे दाखवले तेच हा दलाल पायांनी करून दाखवतो, आणि गंमत अशी की त्याने आंबे चोरलेलेही नाहीत.

यावर मला उत्तर मिळते : ‘पण बाई, शंकरनेच पैसे घेतले ना? त्याने तडजोड केली. मूत्रपिंड परत नको, रक्कम द्या म्हणाला. मग तुम्ही कशाला त्याच्या वतीने कळवळता?’ हा युक्तिवाद करणारे लोक स्वतः विमा उतरवतात आणि अपघात झाल्यावर भरपाई घेतात. त्या वेळी त्यांचा ‘मी’ विकला गेला असे कोणी म्हणत नाही. शंकरने पैसे घेतले, कारण त्याच्याशी जग ज्या एकाच भाषेत कधी बोलले आहे ती ती आहे. मूत्रपिंड परत मागून तो ते ठेवणार कुठे होता? नवीनला न्याय हवा होता, शंकरला घरभाडे. नवीन हिरमुसला होऊन परततो आणि आजी त्याची समजूत घालते की माणसाच्या हातून व्हायचे ते एवढेच होते. आजीचे म्हणणे शहाणपणाचे आहे, आणि तिने आयुष्यभर लोकांच्या चळवळीत काढलेले असल्यामुळे तो अधिकारही तिचा आहे. परंतु ते आजीने नातवाला म्हणणे निराळे, आणि आपण खुर्चीत बसून शंकरविषयी म्हणणे निराळे.

दुसरे उत्तर मिळते ते असे की दिग्दर्शकाने सगळेच का दाखवावे? घेणाऱ्यांची गोष्ट सांगायची त्याने ठरवले, सांगितली. हे मला मान्य आहे. चित्रपटाच्या अखेरीस एकाच मृत माणसाचे अवयव ज्यांना मिळाले ते सारे जण एकत्र जमतात आणि त्या माणसाने कधीकाळी गुहेत उतरून टिपलेली दृश्ये पाहतात. अंधार, खडक, दिव्याचा झोत, आणि भिंतीवर त्याची सावली. बोलत कोणीच नाही. माझ्या अंगावर त्या वेळी काटा आला होता, तो मी नाकारत नाही. कोणा घरच्या माणसांनी बाकावर बसून त्या कागदावर सही केली असेल, तेव्हा ही इतकी माणसे त्या खोलीत बसू शकली. तिथे आलिया आहे, मैत्रेय आहे, नवीन आहे.

शंकर त्या खोलीत नाही. त्याला कोणी काही दिलेले नसल्यामुळे त्याला बोलावण्याचे कारणच नव्हते. त्याचे मूत्रपिंड स्टॉकहोमच्या बर्फात फिरते आहे आणि तो त्या डोंगरावरच्या खोलीत आहे.

दिवाळीच्या सुट्टीत घरातली सगळी माणसे जमली म्हणजे हा चित्रपट जरूर पाहा. सव्वादोन-अडीच तासांचा आहे; मधे चहाला उठलात तरी चालेल, पण तिसऱ्या गोष्टीत उठू नका. घरात ज्याच्या अवयवदानाच्या कागदावर सही करायची राहिली असेल त्याने त्या रात्री ती करावी, आणि घरच्यांना तोंडी सांगूनही ठेवावे, कारण त्या बाकावर अखेर त्यांनाच बसायचे असते. जहाज तेच की दुसरे यावर मुले वाद घालू लागली तर घालू द्या. एखादे मूल मात्र शंकरचे पुढे काय झाले, तो परत विटा वाहायला लागला का, असे विचारील. त्याला ‘गप बस, चित्रपट संपला’ असे म्हणू नका.